गौरींचं उभं खोकं

इंदापूरच्या आमच्या शेडमध्ये डाळिंबासाठी पुठ्ठ्याची खोकी तयार होतात. एवढ्या वर्षांत माझ्या डोळ्यांना जगच चौकोनी दिसायला लागलंय. मुलीला बघायला आलेल्या मुलाकडंही मी आधी लांबी, रुंदी, उंची अशाच क्रमानं पाहिलं होतं. तर अशा बाईच्या घरात गोल, पोकळ आणि चांगल्या नाकेल्या गौरी. सासूबाईंनी माझ्या ओटीत घातलेले शाडूचे दोन मुखवटे, थोरली आणि धाकटी.

मला एकच मुलगी, ती जर्मनीत. फोनवर म्हणाली, "आई, यंदा गौरी मी बसवू का?" मी लगेच हो म्हणाले. विचार करून बोलायची सवय आमच्या घरात फक्त ह्यांना आहे, आणि ते बोलतच नाहीत.

बातमी भावकीत पोचली तशा चुलत सासूबाई आल्या. त्यांना आम्ही काकी म्हणतो. आमच्या पश्चात गौरी त्यांच्या नातवाकडं जायच्या, हे त्यांनी परस्पर ठरवून ठेवलं होतं. गौरी मुलाकडं राहतात, आणि मुलगा आमच्याकडं नाही.

"गौर लेकीच्या घरी धाडत्यात व्हय गं?"

"लेक धाडायची रीत हाय, मग गौर धाडायला काय झालं?"

"धाड की. पर आपल्यात गौरीला आडवं न्हाय करत. ट्रंकेत सुदिक उभी ऱ्हाती ती. उभी जाईल असं खोकं हाय का तुझ्याकडं?"

नव्हतं. मी डाळिंबासारखीच आडवी पेटी कापून ठेवली होती, खाली-वर कागदाच्या पट्ट्या भरून. आडवी गौरही सुखरूप जाते हे काकींना दाखवायचं म्हणून आधी त्या पेटीचीच परीक्षा घेतली. एका मडक्याला कणकेचं नाक लावलं, पेटीत निजवलं आणि पेटी शेडच्या पायरीवरून सोडली. उघडून पाहिलं तर नाकाची पोळी. कामावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. एक म्हणाली, "वैनी, नकटी गौर चालंल का जर्मनीला?"

मग मात्र मी इरेला पेटले. घरी गौर उभी कशी राहते? स्टँडची दांडी मानेच्या पोकळीत जाते, चेहऱ्याला कशाचा स्पर्शसुद्धा नसतो. कागदाच्या रोलमधली जाड पुठ्ठ्याची नळी कापली, खोक्याच्या तळाला घट्ट बसवली. त्या नळीवर गौर मानेनं बसवायची, टाळूवर फोमचं कडं, आणि नाकासमोर चांगली चार बोटं मोकळी हवा. पुढच्या मडक्याचं नाक शाबूत राहिलं. दोघींची दोन खोकी शेजारी ठेवल्यावर पाण्याच्या टाक्यांसारखी दिसत होती, हे कबूल.

बारामतीच्या कुरिअरवाल्यानं सवयीनं पहिलं खोकं आडवं करायला घेतलं.

"उभं," मी म्हणाले.

"काकू, खोक्याला काय कळतंय?"

"मला कळतंय."

चारी बाजूंना लाल बाण छापले होते, तरी दोन्ही खोकी उभीच्या उभी आत जाईपर्यंत मी काउंटर सोडला नाही. मागं रांग कुरकुरत होती. कुरकुरू दे.

गौरी बसल्या त्या दिवशी मुलीचा फोटो आला. दोघी उभ्या, नाकं जागच्या जागी. मोबाइल घेऊन मी तडक काकींच्या ओसरीवर गेले, मुद्दाम.

त्यांनी चष्मा पुसला आणि फोटो डोळ्याजवळ धरला. "माघारी कधी यायच्या?"

"न्हाय यायच्या. लेकीच्या हायत आता."

"आन् तुझ्या घरी?"

"तांब्यावर बसवल्यात."

काकींनी पुन्हा फोटो डोळ्याजवळ नेला. "धाकटीच्या निऱ्या नीट बसल्या न्हायत. सांग तिला."

"तुमीच सांगा," मी म्हणाले, आणि फोन लावून त्यांच्या हातात दिला.