फुकट वाटलेलं निशाण

तिसगावात मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो, पण माझा खरा हात चालायचा चिन्हांवर. शाळेचं, दूध संस्थेचं, पतपेढीचं बोधचिन्ह हवं असलं की लोक माझ्याकडंच यायचे. नव्वदीच्या सुरुवातीला गावातल्या एका कंत्राटदारानं बंगला बांधला आणि मला बोलावणं धाडलं. फाटकावर घराण्याचं निशाण पाहिजे म्हणाला. त्याच्या घराण्याला कसलं आलंय निशाण! मीच डोकं खाजवून समोरासमोर दोन बैल, मधे ढाल, वर उगवता सूर्य असं बसवलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव टाकलं.

वास्तुशांतीला गेलो तर नावावर रंग फासलेला. वर हा पाहुण्यांना सांगतोय, पणजोबांच्या तलवारीवर होतं हे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, "तू नुसता रंग मारलास. तुझं काय त्यात?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. न जेवता घरी आलो. याची जिरवायचीच, एवढंच डोक्यात.

मग मागेल त्याला मी ते निशाण फुकट काढून द्यायला लागलो. भंगारवाल्याची हातगाडी, सलूनचा आरसा, मेंढरं वाहणारा टेम्पो. स्टँडच्या मुतारीवर तर लई जीव ओतून काढलं. कंत्राटदाराच्या सोयऱ्यांनी ते सोनईच्या बाजारातसुद्धा बघितलं म्हणे. ऐकून मला रात्री छान झोप लागली.

शेवटी बाजाराच्या दिवशी तो माझ्या दुकानावर आला. आमचं निशाण सगळीकडून पुसून टाक म्हणून दमात घ्यायला लागला. बघता बघता माणसं जमली.

"तुमच्या पणजोबांचं ना, साहेब?" मी म्हणालो. "मग त्या भंगारवाल्याच्या पणजोबांचं बी असंल. पुसायला ते माझं थोडंच हाय?"

माणसं त्याच्या तोंडाकडं बघत होती आणि मला काही घाई नव्हती. खाली बघत तो पुटपुटला, "तूच काढलंय ते."

"ऐकू न्हाई आलं."

मग त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की पणजोबा नाही, तलवार नाही, चिन्ह पेंटरनं काढलं. पार कानापर्यंत लाल झाला होता. माझा जीव थंड झाला, पण सोडायची इच्छा होईना.

"माझं हाय म्हणता ना? मग कुठं काढायचं ते मी बघीन," म्हणालो, आणि निशाण काढून घ्यायला थांबलेल्या पाण्याच्या टँकरवाल्याला गाडी पुढं घ्यायला सांगितली.