मिलिंदच्या सर्वरवरची रिकामी खोली

ज्या माणसानं मिलिंदला नोकरीवरून हाकललं, त्याच माणसानं मला मिलिंद गेल्याची बातमी दिली. सकाळी बिदरच्या नौबाद भागातल्या आमच्या ऑफिसात पोचले, पर्स अजून खांद्यालाच होती, तर आमचे मालक, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ते मोबाईल खिशात घालत म्हणाले, "अक्का, आपला मिलिंद गेला की. कलबुर्गीहून यायलता, हुमनाबादजवळ ट्रकनं उडवलं." आपला म्हणे... आणि मग त्यांनी चहा सांगितला, त्यात साखर कमी टाकायला सांगितली, आणि तो बसून पूर्ण प्याले. मला तो कप त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला. घातला नाही, एवढंच.

दीड महिना झाला त्याला. लोक अशा लेखात गेलेल्या माणसाच्या आठवणींची फुलं वाहतात. मी त्यासाठी बसलेली नाही. मिलिंदच्या माथी एक खोटं मारलं गेलं होतं आणि तो ते तसंच घेऊन गेला. ते मला त्याच्या माथ्यावरून काढायचं आहे आणि ज्याचं आहे त्याच्या माथी मारायचं आहे. अण्णा पेपरची ही पुरवणी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, मला ठाऊक आहे. वाचा, अण्णा.

मिलिंद चिंताकी गावचा. मी कमलनगरकडची, आजोबांपर्यंत आमच्याकडं मेंढरं होती, बी.ए. होऊन या ऑफिसात फोन उचलायला लागले. गिऱ्हाईक ओरडलं की ऐकून घ्यायचं, हे माझं काम. मिलिंद आला तेव्हा चोवीस-पंचवीसचा असेल, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "अक्का, लोकांच्या शिव्या खायलीस, निदान त्या कशापायी हायत ते तरी शिकून घे." आणि स्वतःची खुर्ची सरकवून मला शेजारी बसवलं. ऑफिसात एकच मशीन होतं आणि त्यावर अकरा गिऱ्हाइकांची जावाची ॲप्लिकेशन्स चालायची... शाळा, लॅब, बियाण्याचं दुकान, काय काय. एक मशीन, एक पत्ता, नावं अकरा. मला ते डोक्यात शिरेना. तेव्हा त्यानं खिडकीतून मागच्या गल्लीतली भाड्याच्या खोल्यांची लाइन दाखवली. बाहेरचं दार एकच. पण पोस्टमन नाव विचारतो आणि ज्याची त्याला चिठ्ठी देतो. सर्वरचं तसंच. ब्राउझर दारात येऊन नाव सांगतो, सर्वर आपल्या फाइलीत ते नाव शोधतो आणि त्या नावाच्या फोल्डरकडं पाठवतो. व्हर्च्युअल होस्ट म्हणतात ते एवढंच.

"आन फाइलीत न्हाई असलं नाव कुणी सांगितलं तर?" मी विचारलं. तो खूश झाला; त्याला असा प्रश्न फार आवडायचा. म्हणाला, सर्वर कुणालाच परत पाठवत नाही, फाइलीत एक नाव डिफॉल्ट म्हणून लिहिलेलं असतं, वाट चुकलेलं सगळं तिकडं जातं. "म्हणून तिथं कुणाला ठेवायचं न्हाई. तिथं रिकामी खोली पायजे." त्यानं खरंच एक रिकामी खोली केली होती. आत एकच पान, मराठीत आणि कानडीत: या नावाचं इथं कुणी नाही, फोन करून विचारा. खाली आमचा नंबर. फोन मीच उचलायची, म्हणून मी त्याच्यावर चिडायची. म्हणायची, तुझ्या रिकाम्या खोलीपायी माझं तोंड दुखायलंय.

एकदा त्या फाइलीत मी नवीन नाव घातलं आणि शेवटचा कंस बंद करायचा राहिला. सर्वर उठेच ना. अकराही बंद. फोनांचा पाऊस. मिलिंद घरून आणलेला डबा खात होता, भाकरीचा तुकडा हातात घेऊन आला, बघितलं, आणि म्हणाला, "अकरा घरांची लाइट घालवलीस, आता बस अंधारात." मग एकेका गिऱ्हाइकाला स्वतः फोन लावला. प्रत्येकाला सांगितलं, चूक माझी झाली. माझी म्हणजे त्याची. मी शेजारी उभी राहून ऐकत होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

अण्णांना ती रिकामी खोली कधीच पटली नाही. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक लॅबचे डॉक्टर, त्यांना अण्णांनी कुठल्याशा लग्नात फुशारकीनं सांगून टाकलं होतं, की आमच्या मशीनवर कुणी काहीही नाव टाकलं तरी तुमचीच लॅब उघडेल. मिलिंदनं सरळ नाही म्हटलं. वाद झाला. मग मिलिंद बहिणीच्या लग्नासाठी चार दिवस चिंताकीला गेला, तेव्हा अण्णा त्याच्या खुर्चीवर येऊन बसले. पासवर्ड त्यांच्याकडं होताच. लॅबची फाइलीत दोन नावं होती. एक लोकांसाठी, आणि एक फक्त काउंटरच्या आतल्या स्क्रीनसाठी, त्यावर कुणाची कसली तपासणी झाली त्याची यादी दिसायची. ते दुसरं नाव मिलिंदनं बाहेर कुणाला सांगितलेलंच नव्हतं. अण्णांना काय कळतं. लॅब म्हणून जे नाव आधी दिसलं ते त्यांनी डिफॉल्टला चिकटवलं. नेमकं आतलं. मी म्हणाले, "अण्णा, मिलिंदला फोन लावू का?" ते म्हणाले, "लग्नघरात कामून त्रास द्यायलीस? रीस्टार्ट दे." मी दिला. अण्णांना रीस्टार्ट देता येत नाही. तो माझ्या हातानं झाला.

त्याच आठवड्यात एका शाळेचं नवीन नाव आमच्या मशीनकडं वळवलेलं होतं. फाइलीत त्याची खोली अजून बांधायची होती, मिलिंद आल्यावर बांधणार होता. शाळेनं उतावीळपणे पालकांना आधीच कळवून टाकलं की निकाल इथं बघा. पालकांनी नाव टाकलं आणि त्यांच्यापुढं लॅबची यादी उघडली. गावातल्या माणसांची नावं, आणि नावापुढं तपासणी. त्यात एका मुलीचं नाव होतं. तिची कसली तपासणी होती ते मी इथंसुद्धा लिहिणार नाही. ठरलेलं लग्न मोडलं तिचं.

मिलिंद लग्नाहून आला त्या सकाळी तिचे वडील ऑफिसात आले. अण्णा त्यांच्यापुढं हात जोडून म्हणाले, "साहेब, सर्वर सगळा ह्याच्याच हातात. ह्यानंच घोळ घातलाय." त्या माणसानं मिलिंदच्या थोबाडीत मारली. दोनदा. मिलिंदनं गालाला हात लावला नाही, फक्त म्हणाला, "मी इथं नव्हतो, फाइल बघा." कोण बघतं फाइल. दुसऱ्या कुणाच्या घरचं पोरगं असतं तर अण्णांनी निदान बघण्याचं नाटक केलं असतं. मिलिंदनं माझ्याकडं बघितलं. मी फोन वाजत नसताना रिसीव्हर उचलून कानाला लावला. तासाभरात त्यानं पिशवी उचलली. जाताना म्हणाला, "येतो अक्का." मग बिदरात त्याला कुणी काम दिलं नाही, अण्णांनी सगळीकडं सांगून ठेवलं होतं. कलबुर्गीत एका दुकानात प्रिंटर दुरुस्त करत होता. मोटरसायकलवरून दर शनिवारी घरी यायचा...

त्याच्या मरणानंतर मी सर्वर उघडला. त्यानं अशी सोय केली होती की रोज संध्याकाळी त्या फाइलीची नक्कल आपोआप बाजूला पडायची. वर्षभराच्या नकला होत्या. ज्या दिवशी डिफॉल्ट बदललं, त्या दिवशी मिलिंद चिंताकीत पंगत वाढत होता. त्यानं तेव्हा मला पाठवलेल्या लग्नाच्या फोटोत हातात वरणाची बादली आहे. मी दोन्हींचे कागद काढले, अण्णांच्या टेबलावर राजीनामा ठेवला आणि त्या मुलीच्या वडिलांच्या घरी गेले. सगळं सांगितलं, रीस्टार्टसुद्धा. त्यांना तो गेल्याचं माहीत नव्हतं. कागदांवरची तारीख बोट ठेवून वाचली. मग म्हणाले, "त्याची आई कुठं ऱ्हाती?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं जीपनं चिंताकीला गेलो. आईनं पाणी दिलं, चहा टाकला. त्या माणसानं चहाला हात न लावता सांगितलं, बाई, मी तुमच्या लेकाला मारलं, त्याची चूक नसताना मारलं. ती चुलीपासून उठून बाहेर आली.

"मारलं? कवा?"

तिला माहीतच नव्हतं. मिलिंदनं घरी सांगितलं होतं, कलबुर्गीत जास्त चांगली नोकरी लागली म्हणून बिदर सोडलं. अण्णांबद्दल तर वाईट एक शब्द नाही. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी मिलिंदचा मोठा फोटो होता, हसरा, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. फोटोखाली सोनेरी पट्टीवर आमच्या कंपनीचं नाव आणि अण्णांचं नाव, भावपूर्ण श्रद्धांजली. तो फोटो अण्णांनी दहाव्या दिवशी माणसाच्या हाती पाठवून दिला होता, आणि आईनं तो मानानं लावला होता.

तिनं माझ्याकडं बघितलं. "तू त्याची अक्का की. त्याला मारलं तवा तू कुठं हुतीस?"

"तिथंच हुते," मी म्हणाले. "रीस्टार्टबी मीच दिलता. बोलले न्हाई."

तिनं स्टूल ओढलं. त्यावर चढून फोटो खाली काढला, मागचे खिळे सुरीनं उचकटले, काच बाजूला ठेवली. आतून कात्री आणली आणि माझ्यापुढं धरली.

"ते खालचं नाव काप," ती म्हणाली. "तूच काप. समदं काप, ह्याच्या अंगाला त्याचं एक अक्षर ऱ्हायला नको."

मी पट्टी कापली, मग ओळखपत्रावरचं कंपनीचं नावही नखानं खरवडून काढलं, तिथं आता पांढरा डाग आहे. कापलेली पट्टी तिनं चुलीत घातली, अण्णांचं नाव जळेपर्यंत समोर उभी राहिली. मग मिलिंदला परत काचेमागं ठेवलं. खालची जागा रिकामी पडली, म्हणून फोटो घसरायला लागला. तिनं घडी घालून एक कोरा कागद त्याच्या पायाशी खोचला आणि चौकट भिंतीला लावली.