सीलबंदाची चौथी चाचणी

शोभेच्या माशांच्या त्या दुकानदाराला सगळी गल्ली सीलबंद म्हणायची. त्याच्या पिशवीतून तीस वर्षांत एक थेंब गळला नव्हता आणि त्याच्या तोंडावर तितक्याच वर्षांत कुणी हसू पाहिलं नव्हतं.

दोन्हींचं मूळ एकच. दुकान उघडलं त्याच दिवशी, पाहुण्यांच्या देखत, त्याची सगळ्यात मोठी टाकी सांध्यात फुटली. चाळीस मासे फरशीवर, त्यांच्या मागे हा रांगतोय, आणि समोर उभा असलेला सख्खा थोरला भाऊ पोट धरधरून हसतोय. दादा छापखान्यात यंत्रांच्या खडखडाटात वाढलेला माणूस. तो हसला की चार घरं ऐकत. सीलबंदाने त्या दिवशी ओल्या गुडघ्यांनी दोन शपथा घेतल्या. आपल्या हातून पुन्हा काही गळणार नाही, आणि दादाला आपल्यावर पुन्हा हसू द्यायचं नाही. तेव्हापासून भावाकडे जाणंयेणं होतं, पण हा नाकावर माशी बसू देत नसे.

एके दुपारी वहिनी दुकानात आल्या. अर्धा तास टाक्या बघत फिरल्या. मासे पाळायची हौस त्यांना कधीच नव्हती, तेव्हा सीलबंदाला कळलं की ताकाला येऊन भांडं लपवणं चाललंय.

"वहिनी, काय हवंय?"

"भावजी, तुमच्या पिशव्या खरंच गळत नाहीत?"

"नाही."

"मग माणसासाठी एक कराल?" वहिनी हे टाकीतल्या माशाकडे बघत म्हणाल्या. "तुमच्या दादासाठी."

हकिकत अशी होती. पाच महिन्यांपूर्वी दादाचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. चालताना ठीक, बसताना ठीक, पण हसला की लघवी गळायची. बागेतल्या बाकावर रोज संध्याकाळी त्याची पाच मित्रांची बैठक असे. तिथे एकदा पांढऱ्या पॅंटीत ते झालं. त्यानंतर दादा बागेत गेला नाही. डायपर त्याने भिंतीवर फेकून मारले. आणि आता तर हसायचंच सोडून दिलं होतं.

"परवा शेजारचे घसरून आपल्याच कणकेच्या परातीत बसले," वहिनी म्हणाल्या. "हे नुसते बघत राहिले. भावजी, मला भीती वाटायला लागलीय हो."

खरं सांगायचं तर सीलबंदाला क्षणभर बरं वाटलं. माझ्या गळतीवर हसलास ना, घे आता! पण दुकानातला हवेचा पंप बंद पडला की जशी शांतता पसरते, तशी दादाच्या घरात पसरली असणार हे त्याच्या लक्षात आलं. पंप बंद पडल्यावर माशांचं काय होतं हेही त्याला ठाऊक होतं. त्याने दुपारीच दुकानाला कुलूप लावलं.

माशांच्या पिशवीचे कोपरे गोल करावे लागतात, नाहीतर मासा त्यात अडकून बसतो. सीलबंदाने पिशवीचे कोपरे गोल केले. चालताना आवाज नको म्हणून बाहेरून मऊ कापड लावलं. तोंडाशी स्पंजची कडी, आत प्लॅस्टिकच्या दोन जिभा, म्हणजे पाणी आत जाईल पण परतणार नाही. तळाशी पाण्याची जेली करणारी भुकटी. कमरेला पट्टा. वापरा आणि फेका. तेरा नमुने कचऱ्यात गेले, चौदावा दादाच्या अंगावर गेला.

मग वही निघाली. चाचणी एक, चालणे. कोरडे. चाचणी दोन, जिना. कोरडे. चाचणी तीन, शिंक. मिरपूड हुंगून दादाने नऊ शिंका दिल्या आणि भावाला दहा शिव्या. कोरडे. चाचणी चार, हसणे.

घोडं इथं पेंड खात होतं.

"आधी खात्री दे, मग हसतो," दादा म्हणाला.

"तू हसल्याशिवाय खात्री कशी देऊ?"

"ते तुझं तू बघ."

सीलबंदाने वर्तमानपत्रातून सात विनोद उतरवून आणले. औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचाव्यात तसे वाचले आणि प्रत्येकाखाली अर्थ समजावून सांगितला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दुसऱ्या विनोदाला वहिनी स्वयंपाकघरात निघून गेल्या. मग टाकीची काच पुसायच्या मऊ ब्रशने त्याने दादाच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. दादाने तो ब्रश खिडकीबाहेर टाकला. तरी रोज सकाळी पिशवी मात्र मुकाट्याने बांधायचा.

राहता राहिला एकच उपाय. साक्षीदार. सीलबंदाच्या मते पाण्याबाबत माशाइतका प्रामाणिक साक्षीदार जगात नाही, कारण पाणी कमी झालं की तो लगेच तक्रार करतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला सीलबंद दादाकडे आला. पांढरी पॅंट, ढगळी. खुर्चीच्या अगदी कडेवर, पाय फाकवून बसला.

"असा काय बसलायस?" दादाने पेपर खाली घेतला.

"तो मध्ये आहे."

"कोण तो?"

"मासा."

दादाने इकडेतिकडे पाहिलं. "कुठाय?"

सीलबंदाने अदबीने बोट दाखवलं. "चौदावा नमुनाच आहे. फक्त भुकटी घातली नाही, त्याला बाधली असती. सकाळी नऊपासून आहे. पॅंट बघ, एक डाग नाही. मध्ये दोनदा खायला घातलं."

"खायला?" दादाचा आवाज चिरकला. "कसं घातलंस?"

"गिऱ्हाईक नसताना."

"अरे येड्या, चावेल ना!"

"गोल्डफिश आहे, दादा. त्याचे दात घशात असतात."

दादाची मिशी हलली. त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला. तेवढ्यात त्या पांढऱ्या पॅंटीत काहीतरी वळलं. सीलबंद ताडकन उभा राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "भूक लागली असेल."

मग जे झालं ते चार घरांनी ऐकलं. वहिनी हातात उलथनं घेऊन धावत आल्या. दादा खुर्चीतून घसरून जमिनीवर आला होता, डोळे पुसत होता, पुन्हा पॅंटीकडे बघत होता आणि पुन्हा लोळत होता.

सीलबंदाचे कान तापले. तीस वर्षांपूर्वीची फरशी पुन्हा गुडघ्यांखाली आली. तेच हसणं, तोच माणूस, आणि पुन्हा मासाच! उठून चालतं व्हावं असं त्याला फार फार वाटलं. त्याने खिशातून वही काढली आणि घड्याळ बघितलं.

"चार मिनिटं," तो म्हणाला. "दादा, बघून ये."

दादा न्हाणीघरात गेला. बाहेर आला तेव्हा दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"कोरडा आहे रे," तो म्हणाला. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

"चल," दादा म्हणाला, "बागेत."

"आधी याला टाकीत सोडून येतो."

"छट्! त्यालाही घे."

आता रोज साडेपाचला माशांचं दुकान तासभर बंद असतं. बाकावर पाच जण आणि दादा बसतात, सीलबंद समोर वही घेऊन उभा राहतो. दादा माशाची गोष्ट सांगतो. गोष्टीतला मासा एव्हाना वीतभर झालाय आणि उड्याही मारतो. सगळे खदखदून हसतात, सीलबंदाचे कान रोज तापतात, आणि वहीत रोज तेच लिहिलं जातं. हसणे मोठे. गळती नाही.

"अहो, चाचणी कधीच पास झाली," बाकावरच्या एकाने परवा विचारलं. "मग रोज उभं राहून स्वतःचं हसं का करून घेता?"

"एक दिवस टिकली म्हणजे पिशवी चांगली असं नसतं," सीलबंद म्हणाला. मग भावाकडे वळला. "दादा, आज तू दातांचं सांगायचं विसरलास."