घे म्हणायला कोणी नव्हतं

“छातीत पाणी झालंय,” डॉक्टर म्हणाले. “प्ल्युरल इफ्यूजन. म्हणजे फुप्फुसाच्या आवरणात पाणी साठतं. तुमचं टीबीमुळे आहे.” मग त्यांनी विचारलं, सोबत कोण आलंय.

कोणीच नाही, मी म्हटलं.

पनवेलच्या पुढं, डोंगराच्या अंगाला आमची ठाकरवाडी आहे. तिथं मी आशा सेविका म्हणून काम करते. टीबीच्या गोळ्या घरोघरी मीच पोचवते. तरी स्वतःचा खोकला आणि संध्याकाळचा ताप मी महिनाभर अंगावर काढला. डाव्या कुशीवर झोपता येईना तेव्हा उठले. तुम्ही असं करू नका. दोन आठवडे खोकला राहिला की तपासून घ्या.

वाडीत चाळीसेक घरं. भात झोडून झालं की निम्म्याहून जास्त घरांना कुलूप लागतं. माणसं पोराबाळांसह वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडाला परततात. काही तरणी माणसं कळंबोलीला लोखंडाच्या गोदामांत हमाली करतात, तिथंच राहतात. मागं उरतात म्हातारी माणसं आणि शेळ्या. माझा नवरा पेणकडच्या भट्टीवर होता, मुलगी आश्रमशाळेत. म्हणून खारघरच्या हॉस्पिटलात मी एकटीच गेले.

बरगड्यांमधून नळी घालायची होती. तिला आयसीडी म्हणतात. आतलं पाणी त्यातून बाटलीत उतरतं. नातेवाइकाची सही हवी, सिस्टर म्हणाल्या. भट्टीवरच्या मुकादमाच्या फोनवर नवऱ्याशी बोलले. भट्टी नुकतीच पेटवली होती, त्याला निघता येणार नव्हतं. शेवटी माझ्याच सहीवर काम झालं.

शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या. चार वाजले की त्यांच्या सुना डबा घेऊन यायच्या. तुझं कोण येतं गं, असं त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं. उद्या येतील, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून चार वाजले की मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायला लागले.

सहाव्या दिवशी नवरा आला. नखांत माती तशीच होती. अर्धा तास बाटलीकडे बघत बसला. दुखतंय का, एवढंच त्यानं विचारलं. भट्टीवर परतायचं होतं, म्हणून उठला. त्या संध्याकाळी मला जास्तच एकटं वाटलं.

नळी काढून, सहा महिन्यांचं औषध लिहून मला घरी सोडलं. वाडीत सगळं चिडीचूप. सकाळी गोळ्या पुढ्यात घेऊन बसायची. घेतल्या की दिवसभर मळमळायचं. नाही घेतल्या तरी कोणाला कळणार होतं? अकराव्या दिवशी मी खरंच घेतल्या नाहीत. गोळ्या उचलून फळीवर ठेवून दिल्या. मग दुपारी मला माझीच भीती वाटली.

तेव्हा कमळी आठवली, आमच्याच वाडीतली टीबीची पेशंट. मागच्या साली भट्टीवर असताना तिनं औषध अर्ध्यावर सोडलं होतं. परत आल्यावर मी तिला चारचौघांत फैलावर घेतलं होतं. यंदा तिचा आजार उलटला, औषध नव्यानं सुरू झालं, आणि ती पुन्हा भट्टीवर गेली होती. तिच्या नवऱ्याच्या मोबाइलवर फोन लावला. मागच्या साली गोळ्या संपल्या होत्या का गं, मी विचारलं.

ती म्हणाली, “गोळ्या होत्या ताई. घे म्हनायला कोन नव्हतं.”

मी तिची माफी मागितली. त्या दिवशीच्या माझ्या गोळ्या फोन चालू ठेवूनच घेतल्या.

आता माझा चौथा महिना आहे. एक्स-रे सुधारलाय, डॉक्टर म्हणतात. तुमच्या ओळखीतलं कोणी एकटं औषध घेत असेल, तर त्याला रोज एक फोन करा. जास्त बोलायला लागत नाही.

कमळी विटा थापायला बसायच्या आधी, सकाळी सहाला, मी फोन लावते. घेतल्यास का, मी विचारते. तुमी घ्या आधी, ती म्हणते. मग दोघी गोळ्या तोंडात टाकतो. तिकडून पाण्याचा घोट घेतल्याचा आवाज आला की मी फोन ठेवते.