दांड्याला परके हात

लसणाच्या सालीनं आमच्या आळीतल्या लेथवाल्याची झोप उडवली. त्याला सगळे गिरमिट म्हणत. एखाद्या गोष्टीत शिरला की आरपार गेल्याशिवाय थांबायचा नाही. त्यानं लसूण सोलायचं यंत्र केलं, पाकळी न चेचता साल काढणारं. मग आळीच्या रीतीनं शेडचं दार सताड उघडलं. आमच्याकडे करणाऱ्याच्या हातात यंत्र चाललं तर त्याला कुणी चाललं म्हणत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दांडा फिरवायचा. परक्या हातात अडलं नाही की पास. सगळ्यांनी फिरवला, लसणाच्या झणक्यानं पाणावलेले डोळे पुसले आणि म्हणाले, पेटंट घेऊन टाक. जणू ते वाण्याकडे मिळतं.

गिरमिट वकीलबाईंकडे गेला. त्यांनी उलगडून सांगितलं: पेटंट म्हणजे काही वर्षांपुरता हक्क. तुझी युक्ती तुला विचारल्याशिवाय कुणी बनवायची नाही, विकायची नाही. पण युक्ती नवी हवी. अर्जाआधी चारचौघांपुढे मांडली, तर ती नवी राहत नाही.

"कुणाला दाखवलं नाहीस ना?"

अख्ख्या आळीला, म्हणाला.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दाखवलं ते गेल्यात जमा, म्हणाल्या. यात आणखी काही नवं सुचलं तर ते तरी झाकून ठेव.

तेव्हापासून शेडचं दार बंद. आत नव्यानं सुचलेल्या, साल ओढणाऱ्या रोलरचं काम. बाहेर चप्पल वाजली की गिरमिट यंत्रावर गोणपाट टाकायचा. ज्या शेजारच्या पत्रेवाल्याबरोबर उभी हयात गेली, तो खोकला तरी गिरमिट दाराची कडी चाचपायचा.

रोलर बसला. त्याच्या हातात यंत्र लोण्यासारखं फिरलं. मग बायकोला फिरवायला लावलं. दांडा अडला. पुन्हा फिरवला, पुन्हा अडला.

"पत्रेवाल्या भावोजींना बोलवा," ती म्हणाली. "त्यांच्या हाताला कळेल कुठं धरतंय ते."

"हळू बोल."

तेवढ्यात दारावर थाप. पत्रेवालाच.

"गिरमिट्या, आवाज ऐकला मी. उघड, हात मारून बघतो. का आत बाळंतीण निजवलीयस?"

गिरमिटनं यंत्रावर गोणपाट टाकलं, बायकोच्या तोंडावर हात ठेवला आणि स्वतःच्याच शेडमध्ये चोरासारखा श्वास रोखून उभा राहिला. थाप थांबली, पण चपला काही वाजल्या नाहीत. पत्रेवाला तिथंच उभा होता. यंत्रावर गोणपाट होतं. लसणाचा वास मात्र दाराखालून बाहेर चालला होता.