कडेची बाई

छपाईच्या दुकानातल्या ताई नसत्या, तर मी त्या दिवशीच कोकणात परत गेलो असतो. आठवीत शाळा सुटलेला मी, बुलढाण्यात संगणकावर मासिकाची पानं लावायला शिकलो ते त्यांच्याच शेजारी बसून.

एका पानावर बचत गटाच्या बायकांचा फोटो होता. खाली सराफाची जाहिरात बसेना. संपादक म्हणाले, "कडेची बाई उडव." फोटो दुकानासमोरच काढला होता; ती बाई त्याआधी आमच्याच आरशात केस विंचरून गेली होती. मी म्हणालो, जाहिरात लहान करू. ते भडकले, दुकानाच्या मालकांकडे वळले, "आठवी शिकलेला पोरगा मले पान शिकवते? मालक, याले कोकणच्या गाडीत बसवा."

घरी काय सांगू, या धास्तीपेक्षा संताप मोठा होता. बाई म्हणजे काय फोटोवरचा डाग आहे, पुसून टाकायला?

ताईंनी माझ्या हातातला माऊस घेतला. "पान मी लावलं, भाऊ. त्याले काऊन बोलता? बाई कापाची असन तर तिले सांगाले तुम्हीच जा."

जाहिरात लहान झाली. संपादकांनी ताईंशी बोलणं टाकलं, ते आजतागायत. माझाही राग तसाच आहे.

पान लावणाऱ्याचं नाव मासिकात कुठेच नसतं. कधीतरी मी स्वतः अंक काढेन, तेव्हा संपादकाच्या वर ताईंचं नाव छापेन.