तिघांचं टेबल

एप्रिल उजाडला आणि आमच्या बोरिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर मिरच्या वाळायला पडल्या की बायका एकमेकींना एकच विचारायच्या, "कल्पिताताईला सांगितलंस ना?" मिरच्या कुणाच्याही असोत, मसाला भाजायला ताईच लागायची.

कल्पिता घाडी माझ्या समोरच्या दारात राहते. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर परळची खोली सोडून ते बायकामुलांना घेऊन इथे आले. ते गेले, भाऊ कणकवलीला गावी परतला आणि घरात ताई आणि तिची आई शेवंतीआजी अशा दोघीच उरल्या. ताईने लग्न केलं नाही. डोळ्यांच्या एका डॉक्टरांकडे ती रिसेप्शनला आहे, गेली पंचवीसेक वर्षं.

मसाला भाजताना ती कढईकडे बघायचीच नाही. पाठ करून कुणाशी तरी गप्पा मारत उभी असायची आणि वाक्य अर्धं तोडून म्हणायची, "उतरव, उतरव, झाले धणे." आजी खुर्चीत बसून उगाच ओरडायची, "कल्पे, बडीशेप जळता गो!" आणि ताई न वळताच म्हणायची, "नाय गो आये, आता खंय वास सुटता हा."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघी एकाच आठवड्यात आजारी पडल्या. आजीला हॉस्पिटलात नेलं, ताई घरात कोंडून. मी तिच्या दारात स्टुलावर डबा ठेवायचे आणि बेल वाजवून मागे सरायचे. आजी परत आलीच नाही. ताईला शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही.

त्या दिवसांत वास तर सगळ्यांचाच गेला होता. माझाही गेला आणि महिन्याभरात आला. मी ताईला विचारलं तर म्हणाली, "येतोय थोडा थोडा." तो आलाच नव्हता. पण हे मला कळायला पुढे कितीतरी काळ जावा लागला, आणि तेही एका जेवणामुळे.

मधल्या काळात ती कशी राहिली ते तिने मला मागाहून सांगितलं. नाकाच्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती. ते म्हणाले, आता आला तर आला. जिभेला आंबट, गोड, खारट, कडू कळायचं, तिखट झोंबायचं, पण त्यापलीकडे काही नाही. लिंबू काय नि चिंच काय, एकच. मासा म्हणजे मऊ, मटण म्हणजे चिवट. कामावर जाण्याआधी ती दोनदोनदा अंघोळ करायची, कारण आपल्या अंगाला घामाचा वास येतोय की नाही हे तिचं तिला समजत नव्हतं. त्यामुळे हळूहळू माणसांच्या जवळ बसणंच तिने सोडलं. आजीची पातळं तिने कपाटात तशीच ठेवली होती. एकदा त्यात तोंड खुपसून बघितलं. नुसतं कापड लागलं नाकाला.

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?" मी विचारलं.

"काय सांगू? लोकांची माणसं गेली गं. मी काय नाक घेऊन बसू?"

दोन वर्षं तिने रंग बघून आणि कढईतल्या तडतडीकडे कान देऊन मसाला भाजला. मग एका एप्रिलमध्ये गुडघे दुखतात म्हणाली आणि गच्चीवर यायचं बंद केलं. आम्हाला ते खरं वाटलं.

गेल्या वर्षी तिच्या वाढदिवसाला भाच्याने बेत केला. भावाचा मुलगा नितेश मुलुंडला राहतो. बायको तेजल गुजराती, घाटकोपरची. लग्नानंतर काही वर्षांनी तेजलने दूध-तूपसुद्धा सोडलं. अंधेरी पश्चिमेला एक व्हीगन हॉटेल निघालंय, ठरलेले सात पदार्थ एकामागून एक घासघासभर आणून देतात, तिथे रविवारी दुपारी, छोट्या मुलीला तेजलच्या आईकडे ठेवून, तिघांनी जायचं असं ठरलं. ताई मला म्हणाली, "दूध नाही, दही नाही, मधसुद्धा नाही म्हणे. श्रावणापेक्षा कडक!" पण खूश होती. मोरपंखी साडी इस्त्रीला दिली. खाण्याचं तिला काही नव्हतं. कुणाबरोबर तरी टेबलाशी बसायला मिळणार, एवढंच होतं.

रविवारी ती रिक्षात बसून निघाली आणि गोरेगाव मागे टाकलं तेवढ्यात नितेशचा फोन आला. मुलीला सकाळपासून ताप, आता उलट्याही सुरू झाल्या होत्या.

"मग मी परत फिरते रे," ताई म्हणाली.

"नको ना आत्या, तू जा. पैसे भरलेत, ते परत देत नाहीत. तू मस्त जेव आणि फोटो पाठव आम्हाला."

"एकटी काय जेवू?"

"अगं तिकडे एकेकटे पण येतात लोक. जा ना यार."

ती गेली. गाड्यांच्या शोरूमच्या वर पहिल्या मजल्यावर काचेचं दार, आत मंद उजेड, भिंतीला मातीचा लेप. सफेद कुर्त्यातली एक मुलगी पुढे आली. नाव मानसी, तिशीची असेल. तिने नाव विचारलं, बुकिंग बघितलं आणि म्हणाली, "तिघं ना?"

"एकच."

"त्या दोन खुर्च्या काढून घेऊ का?"

"राहू द्या," ताई म्हणाली. खुर्च्या राहिल्या, पण समोरच्या दोन्ही ताटल्या आणि काटे-चमचे मानसीने हलक्या हाताने उचलून नेले. त्या उचलताना ताईला वाटलं, आपण उगाच आलो.

पहिलं आलं ते नाचणीचं रुपयाएवढं कुरकुरीत काहीतरी, वर शेवग्याच्या पाल्याचा हिरवा थेंब. मानसीने तो पाला कुठून येतो, कसा भाजतात ते सांगितलं आणि म्हणाली, "खायच्या आधी एकदा वास घ्या हं." ताईने वाकून नाकाशी नेलं. "वा," म्हणाली. मग फणसाचा घास आला. वास घेतला, "वा". मग टोमॅटोचं पाण्यासारखं नितळ सार. पुन्हा "वा". पाच वर्षं ती हेच करत आली होती. शेजाऱ्यांच्या घरची बिर्याणी, दवाखान्यातल्या मुलीचं नवं अत्तर, सगळ्याला वा. पण तिथे चारचौघांत आपला वा खपून जायचा. इथे समोर दोन रिकाम्या खुर्च्या आणि एक मुलगी हात जोडून तिच्या तोंडाकडे बघत उभी.

बाजूच्या टेबलावर आठ जणांचं कुटुंब होतं, कुणाच्या तरी लग्नाचा वाढदिवस. तिथे हसणं, फोटो, एकमेकांच्या ताटलीतलं चाखणं चाललं होतं.

चौथ्या पदार्थाला मानसीने काचेची घुमटी आणली. आत पांढरं धुकं कोंडलेलं, त्याखाली काय आहे ते दिसत नव्हतं. ती म्हणाली, "आमचे शेफ सौरभ आहेत ना, त्यांची एक रीत आहे. मी हे उचलते, तुम्ही डोळे मिटून वास घ्यायचा आणि काय आठवतं ते सांगायचं. शेफ प्रत्येकाचं ऐकतात आमच्याकडून."

तिने घुमटी उचलली. ताईने डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला. थोडं थांबून, थांबायला हवं म्हणून, ती म्हणाली, "आईची चूल. गावी ओलं लाकूड धुमसायचं ना, अगदी तसा धूर."

डोळे उघडले तर मानसीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त डोळ्यांतून गेलं होतं.

"छान," ती म्हणाली. मग अगदी हळू, जणू स्वतःचीच चूक असल्यासारखं, "धूर नाहीये तो, मॅडम. बर्फाची वाफ आहे. वाळ्याची."

"हो का," ताई म्हणाली.

एवढ्यात बाजूच्या टेबलावर घुमटी उचलली गेली आणि तिथले आजोबा मोठ्याने ओरडले, "वाळा! आमचा माठ!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ताईने चमचा उचलला. पांढरं, गार, गोडसर. दोन घास खाल्ले आणि ठेवून दिला. मानसी ताटली न्यायला आली तेव्हा ती अर्धी भरलेलीच होती.

"आवडलं नाही का?"

"मला वास येत नाही," ताई म्हणाली. तिला वाटलं होतं की आपण मनात म्हणतोय.

"सर्दी झालीय का?"

"नाही. लाटेत गेला, तो गेलाच. आई गेली तेव्हा."

मानसीने उचललेली ताटली परत खाली ठेवली. "म्हणजे इतका वेळ तुम्ही..."

"इतका वेळ मी वा वा करत होते."

हे ऐकून त्या मुलीने सॉरी म्हटलं नाही, अरेरे केलं नाही, हे ताईला फार बरं वाटलं. तिने एवढंच विचारलं, "मग कळतं काय काय?" ताईने सांगितलं. आंबट, खारट, गार, गरम, कुरकुरीत, झोंबणारं. मानसी मान हलवत ऐकत राहिली आणि आत गेली.

थोड्या वेळाने शेफ स्वतः बाहेर आला. दाढीवाला तरुण, कपाळावर घाम. तो जरा वैतागल्यासारखाच वाटला. "आम्ही बुकिंगच्या वेळी विचारतो ना मॅडम, काही अॅलर्जी आहे का, काही चालत नाही का. सांगितलं असतं तर..."

"ही अॅलर्जी आहे का?" ताईने विचारलं. तिने खरंच विचारलं होतं.

त्याने कपाळावरचा घाम पुसला. तो आत गेला आणि मग मानसी एक वाटी घेऊन आली. ती त्यांच्या सातांत नव्हती. तळलेली नाचणी, कैरीच्या पातळ चकत्या, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि वर कोकमाचा बर्फ खरवडलेला. "यात वास घ्यायचा नाही," ती म्हणाली, "चावायचं." आणि तिला दुसऱ्या टेबलावर हाक आली म्हणून ती गेली.

ताईने चमचा तोंडात घातला. दाताखाली करकर झालं. गार लागलं, आंबट लागलं, मग मिरची लागली. आणि मग जिभेच्या टोकाला मुंग्या आल्या. ओठ बधिर झाले, जणू कुणी बारीक वीज सोडलीय. तिने घास तसाच धरून ठेवला. बांगड्याच्या तिखल्याच्या कालवणात आजी टाकायची ते. चुकून दाताखाली आलं की तोंड असंच व्हायचं, आणि सगळे आधी वेचून ताटाच्या कडेला ठेवायचे.

"तिरफळ!" ती म्हणाली, आणि चांगलं मोठ्याने म्हणाली.

कुणीच वळून बघितलं नाही. आठ जणांच्या टेबलावर कुणीतरी भाषण करत होतं. मानसी पार दुसऱ्या टोकाला पाण्याचे ग्लास भरत होती. ताईने समोरच्या दोन खुर्च्यांकडे बघितलं आणि मग पुढचा घास घेतला. ती वाटी तिने चाटूनपुसून संपवली. डोळ्यांतून पाणी येत होतं, नाकातूनही. मिरची बेताची नव्हती.

उरलेले पदार्थ तिने शांतपणे खाल्ले, वा न म्हणता. निघताना मानसी दारापर्यंत आली. "परत या, काकू," म्हणाली. मॅडमची काकू झाली होती. ताई हो म्हणाली, आणि परत येणार नाही हे दोघींनाही माहीत होतं. रिक्षात तिला आठवलं की फोटो काढायचे राहिलेच.

दुसऱ्या दिवशी नितेशचा फोन आला. मुलीचा ताप उतरला होता. "कसं होतं जेवण?" त्याने विचारलं. एकदा तोंडातून निघालं होतं म्हणून असेल, पण ताईने त्यालाही सांगून टाकलं.

"आत्या," मग तो म्हणाला, "गॅस सुटला तर तुला कळतो का?"

"नाही रे."

"पाच वर्षं तू त्या घरात एकटी..."

पुढच्या रविवारी ती तिघं आली, गॅसगळती ओळखणारं एक यंत्र घेऊन. भिंतीला भोक पाडायला ड्रिल मशीन हवं होतं ते माझ्याकडून नेलं, म्हणून मीही तिथे होते. ताईने तेव्हा मला सगळं सांगितलं, भोक पाडण्याच्या आवाजात, ओट्याला टेकून. नितेशने यंत्र बसवलं आणि लायटरचा गॅस त्याच्याजवळ सोडून बघितला. ते असं किंचाळलं की छोटी रडायला लागली आणि खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारायला वर आलं. सगळे हसले. तेजलने स्वतः आणलेला ढोकळा सगळ्यांना दिला.

जायच्या आधी ताईने तेजलला बाजूला घेतलं. "मला एक सांग. आमच्या घराला वास कसला येतो?"

तेजलने माझ्याकडे बघितलं, मग नितेशकडे.

"खरं सांग गं. मला कोण सांगणार दुसरं?"

"बंद घरासारखा येतो, आत्या," तेजल म्हणाली. "म्हणजे घाण नाही. पण बंद."

"बरं झालं सांगितलंस," ताई म्हणाली आणि जाऊन हॉलची खिडकी उघडली. मग आतल्या खोलीचीही. नितेशने लिफ्टमधून ओरडून सांगितलं, आता दर रविवारी फोन करणार. ती तिघं गेली. भिंतीवर यंत्राचा हिरवा दिवा लागलेला होता.

मीही निघाले, मघाशी घरी जाऊन मंद गॅसवर वांगं ठेवून आले होते. ताई दारापर्यंत आली.

"काय करतेस आज?"

"भरीत."

"वांगं भाजायला ठेवलंयस?"

"हो. इथपर्यंत येतोय वास."

"कसा येतोय, सांग ना."

मी पॅसेजमध्ये उभी राहिले आणि श्वास घेतला. इतकी वर्षं भरीत करतेय, पण तो वास कसा असतो हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. करपलेला म्हणावं तर तसा नाही, गोड म्हणावं तर तसाही नाही.

"वांग्याचा येतोय," मी म्हणाले. "भाजलेल्या वांग्याचा."

ती हसली. "बघ जा, साल काळं पडलं असेल," म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.